घोड्यावर बसवलेला माणूस

आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा सीडींचं कपाट मोठं आहे, हे मी पाहुण्यांना आधीच सांगून टाकते. मागाहून कुजबुज नको. खरं तर त्या डीव्हीडी, पण आमच्या तोंडात सीडीच बसलंय. आणि सगळ्या घोड्यांच्या. अमेरिकेतले ते जुने पिक्चर असतात ना, टोपीवाली माणसं, कमरेला पिस्तूल, मागं उजाड डोंगर, ते. आमचे हे त्यांना 'वेस्टर्न' म्हणतात, मी 'घोडेवाले' म्हणते. तीनशेच्या वर असतील. पुण्याच्या जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या लायब्रऱ्यांमधून एकेक करून आणलेत. बत्तीस वर्षं संसार केला आणि सवत मिळाली ती ही.

हे चाकणला एका कंपनीत तपासणीला होते. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, हातात घ्यायचा, उजेडाकडं धरायचा, आणि केसाएवढा ओरखडा दिसला तरी बाजूला टाकायचा. रिजेक्ट. घरी पण तेच. भाकरीला पापुद्रा सुटला नाही, रिजेक्ट. मी हौसेनं आणलेली साडी, रिजेक्ट. दुसऱ्याच्या कामातली खोट लगेच दिसायची, स्वतःची साखर मात्र दिसली नाही. गोळ्या घ्या म्हटलं की, "मला काय धाड भरलीय?" वर माझ्यासमोर पेढा तोंडात टाकायचे. मी भांडले, अबोला धरला, शेवटी दमले आणि म्हटलं, करा काय करायचं ते. तिथं माझं चुकलं.

तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत आतून रक्त उतरलं. ऑपरेशनं झाली. शेवटच्या ऑपरेशननंतर हे बाहेर बाकावर बसले होते आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "पडदे गेलेत, मागची नसही सुकलीय," ते म्हणाले. "आता उजेडसुद्धा कळायचा नाही. घरच्यांनी मनाची तयारी करा." मी बाहेर आले. माझ्या चपलेच्या आवाजावरून यांनी ओळखलं आणि मान वर करून विचारलं, "येईल ना गं नजर?"

मी म्हटलं, "येईल. वेळ लागेल म्हणालेत."

त्या वेळी दुसरं काय सांगणार होते? तो चेहरा बघून तुम्ही तरी काय सांगितलं असतं? वाटलं, आठ दिवसांनी सांगू, जरा सावरले की. आठ दिवसांचे महिने झाले. पुढच्या तपासणीला मी आधी आत जाऊन डॉक्टरांना हात जोडले, यांच्यासमोर बोलू नका. डॉक्टर रागावले, पण बोलले नाहीत. मग आम्ही काळेवाडीची खोली सोडून मोशीला फ्लॅटमध्ये आलो, आणि हे म्हणाले, कपाट आधी लाव. नजर आली की पहिल्या सीडीपासून सगळे परत बघणार होते. त्या एका 'येईल'वर त्यांचं सकाळचं उठणं चाललं होतं. आणि मला भीती एकच, खरं कळलं तर हे उठायचेच नाहीत.

एक सांगते, सांगायला लाज वाटते. लग्न झाल्यापासून यांच्या हातून पेला सांडला, पाय कशाला लागला, की माझ्या तोंडात ठरलेलं वाक्य, "डोळे फुटले का तुमचे?" शिवी म्हणून नाही हो, आपलं बोलायची पद्धत. आता ते वाक्य आठवलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते आणि रडून घेते.

नजर येईपर्यंत यांना पिक्चर निदान ऐकायचे होते, आणि ते सांगायचं काम माझ्यावर आलं. नुसतं ऐकून भागेल असं वाटलं होतं, पण कर्म माझं! एक तर इंग्रजी, त्यात ही माणसं बोलतच नाहीत. दहा-दहा मिनिटं नुसतं वारं सुटलंय. हे कान टवकारून बसायचे आणि विचारायचे, "काय चाललंय?" मी मेथी निवडत सांगायची, "घोडा."

"कसला घोडा?"

"कसला म्हणजे? घोड्यासारखा घोडा."

"अगं, रंग? दमलाय का? वरचा माणूस कुठं बघतोय?"

"तो मला सांगून बघतोय का?"

"रिजेक्ट!"

असं चालायचं. पिक्चर यांना पाठ, त्यामुळं माझी चूक लगेच पकडायचे. बत्तीस वर्षं मी टीव्हीकडं पाठ करून कणीक मळलेली बाई, पण हळूहळू बघायला शिकले. कोणाचा हात पिस्तुलाकडं सरकतोय, कोण घाबरून हसतोय. एकदा मी म्हटलं, "तिच्यापुढं परातीत पीठ आहे, पण ती मळत नाहीये." यांना ते माहीत नव्हतं. इतक्या वेळा बघून लक्षात आलं नव्हतं. म्हणाले, "पास." अहो, मला दहावी पास झाल्यावर एवढा आनंद झाला नव्हता.

यांना एक पिक्चर मात्र कधी मिळाला नव्हता. लग्नानंतर काळेवाडीत शेजाऱ्यांनी भाड्यानं व्हीसीआर आणला होता, तेव्हा तो अर्धाच बघितला. एक माणूस बायकोला थंडीच्या आत येतो म्हणून सांगतो आणि गुरं घेऊन लांबच्या बाजाराला निघतो. परतीच्या वाटेवर त्याला गोळी लागते. नेमकी तिथं लाइट गेली. सकाळी कॅसेट परत, हे पहिल्या शिफ्टला. नाव कोणी वाचलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक दुकानात विचारायचे, त्या माणसाचं पुढं काय झालं? शेवटी आमच्या लेकीनं, वाकडला असते ती, इंटरनेटवर शोधून शोधून तो परदेशातून मागवला. गेल्या दिवाळीआधी कुरिअर आलं. यांनी सीडी हातात घेतली, फडक्यानं मधून बाहेर सरळ पुसली, गोल नाही, गोल पुसली की चरे पडतात, आणि मला म्हणाले, "आज नीट सांग. हा मला माहीत नाही."

मी जीव ओतून सांगितला. जखमी माणूस, बर्फ, घोड्याच्या तोंडातून निघणारी वाफ, सगळं. शेवटाला आलं. घराचं दार उघडं, बायको उंबऱ्यात. कोणी बोलत नाही, फक्त टापांचा आवाज जवळ येतोय. यांनी माझा हात धरला.

"आला का तो?"

पडद्यावर घोडा कुंपणातून आत आला. खोगीर रिकामं होतं. लगाम जमिनीवरून फरफटत होता.

"आला का गं?"

"आला," मी म्हटलं.

"घोड्यावर नीट बसलाय?"

"वाकलाय जरा. पण बसलाय."

"मग बाजा असा रडका का वाजतोय?"

"ती रडतेय ना आनंदानं."

यांनी मोठा श्वास सोडला आणि हसले. नजर गेल्यापासून असे हसले नव्हते. संध्याकाळी फोनवर लेकीला सांगत होते, आला बघ तो, गोळी लागून पण आला. मी रिकाम्या घोड्यावर माणूस बसवला होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच सांगते, चार दिवसांनी मलाच तो माणूस खोगिरावर दिसायला लागला.

म्हणून तर चूक झाली. यांचे कंपनीतले जोडीदार भेटायला आले, त्यांनाही या पिक्चरांचा नाद. हे कौतुकानं म्हणाले, घेऊन जा, बघा. आणि मी, मीच, कपाटातून सीडी काढून त्यांच्या पिशवीत घातली. वर चिवडाही बांधून दिला. माझ्या डोक्यात तो माणूस घरी आलेला होता ना!

रविवारी सकाळी ते सीडी परत द्यायला आले. मी चहा ओतत होते. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय शेवट आहे राव! ती बाई दारात उभी आणि घोडा एकटाच येतोय. खोगीर रिकामं."

मी कप अर्धाच भरून खाली ठेवला. यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. म्हणाले, "हो ना. फार वाईट शेवट." आणि बशी पुढं करून चहा मागितला. पाहुण्यांसमोर मला उघडं पाडलं नाही. मग दोघं कंपनीबद्दल बोलत बसले, कोण रिटायर झालं, कुणाची बायपास झाली. ते उठले तेव्हा त्यांना "वहिनी, येतो" म्हणतानाही काही कळलं नव्हतं. मी दार लावलं आणि तिथंच उभी राहिले.

"रिकामा होता?" यांनी विचारलं.

"हो."

मला वाटलं, आता कडाडतील. कडाडले असते तर बरं झालं असतं, मी पण उलट बोलले असते, भांडण होऊन मिटलं असतं. पण यांचा आवाज चढलाच नाही.

"मग डॉक्टर काय म्हणाले होते? जसं म्हणाले तसं सांग."

मी शेजारी जाऊन बसले. सांगितलं. पडदे, नस, सगळं, एकही शब्द न गाळता. उजेडसुद्धा कळायचा नाही, हे पण. सांगताना मी रडत होते आणि हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, जसं काही दुखणं माझंच आहे.

मग ते म्हणाले, "पण मला रोज सकाळी खिडकीपाशी बसलं की थोडं उजळ दिसतं गं. गेल्या महिन्यापासून तर जास्तच. पक्कं झाल्यावर तुला सांगणार होतो. मग ते काय दिसतंय मला?"