त्या तुकड्यातलं गवत कोन कापतं

आचोळ्याला तवा आजच्यासारख्या बिल्डिंगी नव्हत्या. गाव संपलं की भाताची खाचरं, खाचरं संपली की खारटान, आनि त्याच्या पल्याड मिठागरं. गाव आनि खाचरं यांच्या मधी आमचा एक तुकडा होता. तुकडा म्हनजे काय, दगडच. दगडांच्या मधी गवत, गवताच्या मधी वारुळं, कडेला बाभळी. नांगर घातला तर फाळ मोडंल, म्हनून कोनी कधी घातला नाय. पाऊस गेला की माझ्या छातीएवढं गवत उभं असायचं. आनि ते कापायला कोन, एवढ्या एका गोष्टीनं मला कितीक वरसं नीट झोपू दिलं नाय.

सासऱ्यानं जायच्या आधी दोघा लेकांना तिथं उभं केलं आनि काठीनं दाखवलं. खाचरं दोघांना सारखी. तुकडा थोरल्याला, कारन गुरं थोरल्याकडं. थोरला म्हनजे माझे मालक. झाली वाटनी, तोंडानंच. कागद कोनी केला नाय. आमच्याकडं असल्या जागेला कागद इचारतंय कोन? जो विळा घालतो त्याची जागा. दुसऱ्या कोनी चार पावसाळे गवत कापलं आनि तुमी गप राहिलात, की गावच म्हनायचं, त्याचीच असनार.

मालक तापानं गेले. मागं मी, एक बारकी पोरगी आनि एक म्हैस. म्हैस त्या गवतावर जगायची आनि आमी म्हशीवर. नुसत्या खाचरानं पोट भरत नव्हतं. तुकडा गेला की म्हैस गेली, म्हैस गेली की पोरीला घेऊन माहेरी भावजयीच्या दारात बसायचं. ते मला करायचं नव्हतं. बस, एवढंच होतं.

मालक गेले ते भादव्यात. गवत पिवळं पडायला लागलं तवा दीर आला. धाकटा दीर, माझ्याशी मान खाली घालून बोलनारा.

“वहिनी, तू नको येऊस तुकड्यावर. दादाचं काम ते माझं काम.”

मला बरं वाटलं. कोनाला नाय वाटनार? त्यानं गवत कापलं, भारे माझ्या दारात टाकले, एक भारा आपल्या बैलांना नेला. पुढच्या वर्षी अर्धे भारे त्याच्या दारात गेले. त्याच्या पुढच्या वर्षी मी पडवीत बसले होते आनि जाऊ कोनाला तरी सांगत होती, “आमच्या तुकड्यातलं गवत औंदा बारीकच हाय.”

आमच्या!

शेजारची म्हातारी माझ्या बाजूलाच बसली होती. ती मला म्हनाली, “काय गं, तू दिराला गवत देतेस का जागा देतेस?”

दुसऱ्या दिवशी मी दिराला सांगितलं, “भावजी, आता मी कापीन.”

तो हसला. “लोकं काय म्हनतील, वहिनी? दीर जिता असून इधवा बाई विळा घेऊन फिरते?”

“लोकं माझ्या म्हशीला चारा घालत नायत.”

बोलायला बोलले. पन गवत आनि भात एकाच टायमाला तयार होतं. दिवसभर मी लोकांच्या भातकापनीला जायची, आनि दिवस कलला की तुकड्यावर. वाकून वाकून कंबर धरलेली, वर विळ्याचे दात दगडावर. एक मूठ गवत कापायचं, एक दगड चुकवायचा. अर्धा तुकडा होईतवर बाकीच्या अर्ध्याला कुसळं आली. कुसळाचं गवत म्हैस तोंडात धरत नाय, टाळूला टोचतं तिच्या. त्यात तिथं फुरसं निघालं. शेजारपाजारची बोंब मारायला लागली, “तुझ्या गवतापायी आमची पोरं मरतील!” त्यांचं तरी काय चुकत होतं? तशातच एका सकाळी मी गेले तर उरलेला अर्धा साफ. दिरानं गडी घेऊन कापून टाकला होता.

“साप होतात, वहिनी. मी काय तुझ्या वाइटावर हाय?”

त्याचं बोलनं खोटं नव्हतं, तेच दुखनं होतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

मंग मी माहेराहून शेळ्या आनल्या. म्हटलं, शेळ्या चरतील, कापायचा ताप नको. त्या मेल्यांनी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, बाभळीचा पाला खाल्ला, शेजारनीच्या कुंपनावरचा वालाचा वेल मुळापासून खाल्ला. गवताला तोंड लावलं नाय. गवत तसंच उभं, मधी शेळ्या उभ्या, आनि कुंपनाच्या पल्याड शेजारीन माझ्या सात पिढ्या काढत उभी. शेळ्या परत माहेरी गेल्या.

मंग तबेलेवाला भैया. रस्त्याच्या कडेला त्याचा म्हशींचा तबेला होता. तो म्हनला, “माई, तुम घर बैठो. आधा घास तुमारा, आधा हमारा.” बाहेरचा मानूस, त्याचा जागेशी काय संबंध, असं मला वाटलं. त्याच्या मानसांनी एका दिवसात तुकडा असा साफ केला की मी बघतच राहिले. माझे भारे माझ्या दारात, मोजून. मला वाटलं, सुटले.

पंधरवड्यानं बघते तर तुकड्यात खुंटे ठोकलेले आनि म्हशी बांधलेल्या. मंग चार मेढी उभ्या राहिल्या, त्यावर छप्पर आलं.

“हे काय रे, भैया?”

“माई, भैंस को धूप लगती है ना.”

मंग खाट आली. खाट आली की मानूस हलत नाय, एवढं मला कळत होतं. मी जा म्हनलं तर तो म्हनतो, “हम तो कितने साल से यहाँ काटते हैं, माई.” एका सालाची कितीक सालं करून टाकली त्यानं.

मी मेढी उपटायला गेले, हलेनात. शेवटी कोन आलं? दीर. गडी घेऊन आला, छप्पर पाडलं, खाट रस्त्यावर फेकली, भैयाला दम दिला. आनि सगळ्या गावासमोर मला म्हनला, “बघ! घरच्याला नको म्हनालीस, आनि बाहेरचा आनून बसवलास. तुझ्यानं जागा सांभाळनार नाय, वहिनी. पुढची दिवाळी झाली की तलाठ्याला घेऊन येतो. गवत कोन कापतं ते एकदाचं लिहून टाकू.”

लोकांनी माना हलवल्या. भैयाला मीच आनलेला.

पुढच्या पावसाळ्यात गवत असं माजलं की वारुळं दिसेनात. मी रोज तिकडं बघायची आनि हिशोब करायची. मी एकटीनं कापलं तर निम्मं राहनार, ते दीर कापनार. गडी लावायला जवळ काय नाय. नाय कापलं तर पडीक म्हनून लिहितील. कुठून बी धरा, विळा दिराच्याच हातात.

दसऱ्याच्या आधी विहिरीवर एक बाई मला म्हनाली, “तुझ्या तुकड्यातनं एक भारा नेऊ का गं? माझ्या गायीला काय नाय.”

मी हो म्हनाले. बाजूची म्हनाली, “मंग मी?” तिलाबी हो म्हनाले. आनि तिथंच कळशी खाली ठेवून मी मोठ्यानं बोलले, “ज्या ज्या घरात दावनीला जनावर हाय, त्या सगळ्या या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. बाईमागं एक भारा, जास्त नाय. बाभळीला हात लावायचा नाय. आनि मला सांगून न्यायचं.”

शेजारची म्हातारी म्हनाली, “येडी झालीस का? तुला काय उरनार?”

“जागा उरंल,” मी म्हनाले. उरंल का, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

सकाळी मी जाते तर तुकडाभर लुगडी आनि विळे. कोन म्हनतंय माझ्या वाट्याला दगडच आलेत, कोन म्हनतंय तुझा भारा हाय का भाताची उडवी हाय, एवढा उचलनार कोन, तुझा नवरा? एकीनं फुरसं ठेचलं, तर दुसरी म्हनते, तेबी भाऱ्यात बांध, मोफत हाय. ऊन चढलं तवा दीर आला, गडी आनि दोऱ्या घेऊन. तुकडा भादरलेल्या डोक्यासारखा.

“वहिनी, हे काय?”

मी तोंड उघडायच्या आधी एक बाई बोलली, “उशीर केलात, भावजी. गवत काय तुमची वाट बघत बसतंय?”

तो गेला. पन त्याच्या बैलांना चारा पायजेच ना. दिवस मावळायला माझी जाऊ कडेनं आली, पदर तोंडावर घेऊन. ती मला बाय म्हनायची. बाभळीखाली एक भारा मी माझ्यासाठी ठेवला होता.

“बाय, तेवढा भारा नेऊ का? बैल उपाशी हायत.”

तो माझ्या म्हशीचा घास होता. मला राग आला, लय राग आला. पन बैलांनी माझं काय केलं होतं? म्हटलं, ने. शेजारची म्हातारी आपल्या पडवीतनं बघत होती.

दिवाळी झाली आनि तलाठी खरंच आला. दीर त्याला तुकड्यावर घेऊन उभा, अर्धा गाव गोळा.

तलाठ्यानं इचारलं, “या तुकड्यातलं गवत कोण कापतं?”

दीर म्हनला, “मी, भाऊसाहेब.”

“तुमी कधी? औंदा मी कापलं,” विहिरीवरची बाई म्हनाली.

“आनि मी,” दुसरी म्हनाली.

“मी पन!” “मी काय झोपले होते का?” सगळ्या एकदम सुरू झाल्या.

तलाठ्यानं टोपी काढून डोकं पुसलं. “अहो, एकीनं बोला! सगळ्यांनीच कापलं म्हणजे हे गायरान आहे का?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दिराला जागा द्यायची नाय म्हनून मी गावाला देऊन बसले होते.

तवा शेजारची म्हातारी पुढं झाली. “गायरान कसलं, भाऊसाहेब? गायरानात कोन कोनाला इचारतं? आमी सगळ्यांनी हिला इचारून कापलं. हिनं एकेक भारा म्हटलं, एकेकच नेला. बाभळीला हात नको म्हटलं, नाय लावला.” आनि मंग ती जावेकडं वळली. “काय गं, तू नेलास ना भारा? कोनाला इचारलंस? नवऱ्याला, का हिला?”

जाऊ बारीक आवाजात म्हनाली, “बायला.”

दिरानं तिच्याकडं असं बघितलं की मला तिची कीव आली.

तलाठी म्हनला, “मी बाईंची वहिवाट धरतो. कोणाची हरकत असेल त्यानं कचेरीत यावं.” दीर कचेरीत गेला नाय. गेला असता तर बायकोलाच खोटी पाडायला लागलं असतं. पुढं कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाय.

जागा राहिली. म्हैस खाचरातल्या पेंढ्यावर तगली. पन तवापासनं तुकड्याची मालकीन मी, आनि गवताच्या मालकिनी गावभरच्या बाया. श्रावनापासनं इचारायच्या, गवत कसं हाय. बारीक आलं तर माझाच दोष, “राखन केली नायस.” वर कापायच्या कशाही, इथं टाचेएवढं, तिथं गुडघ्याएवढं, आनि मी घातलेलं कुंपन मोडून सरळ वाट पाडायच्या. चार शब्द बोलले तर म्हनायच्या, “इसरलीस का गं, तलाठ्यासमोर कोन उभं राहिलं होतं?” मंग मीच कुंपन परत बांधायची.

एका वर्षी कापनीवरनं यायला मला उशीर झाला. तुकड्यात बाया भरलेल्या. मी विळा घेऊन मधी शिरले, तर नवीन लगीन होऊन आलेली एक सून, मला न ओळखनारी, कमरेवर हात ठेवून म्हनाली, “ओ काकी, मागनं या. बाईमागं एकच भारा हाय, आनि नंबरानं हाय.”

बाकीच्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं पन तिला सांगितलं नाय.

मी मागं जाऊन उभी राहिले.