दत्तूच्या झांजेची चीर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आता लिहितोय ते तरी कशाच्या बळावर? घरातल्या पोरांना मराठी धड वाचता येत नाही, त्या बळावर. तुम्हाला येतं – तेव्हा ऐका.

दत्तू आणि मी हैद्राबादेत एकाच सरकारी वर्कशॉपात फिटर होतो. राहायला दोघंही नल्लकुंट्यात. गणपतीत आमच्या मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा. त्यात तो ड्रम वाजवायचा आणि मी – मी त्याचं सामान उचलायचो. खोटं कशाला बोलू, मला तेवढ्यातही धन्य वाटायचं.

त्या ड्रमाशेजारी एक जुनी काशाची झांज असायची. दत्तूचा बाप पलटणीच्या बँडात होता. तो दोन्ही हातांत धरून वाजवायचा त्या जोडीतली ही एक उरलेली. पलटण मोडली, पुढे बापही गेला, आणि त्याची म्हणावी अशी घरात हीच एक वस्तू राहिली. दत्तूनं ती लोखंडी दांडीवर चढवली. लोखंड काय करणार? दर ठोक्याला मधलं भोक खात गेलं. भोक लांबट झालं आणि त्याच्या कडेला केसाएवढी चीर पडली. दत्तूनं झांज माझ्याकडे आणून दिली – दुसऱ्या कुणाच्या हातात तो ती देतच नसे.

आता मधेच दुसरी गोष्ट सांगायला हवी. टाळतोय असं समजू नका – थोडं टाळतोयही.

भाषेप्रमाणे राज्यं होत होती. हैद्राबादचे तीन तुकडे पडणार, तेव्हा मराठी सरकारी नोकरांनी कुठं जायचं ते लिहून द्यावं, असा हुकूम आला. माझी आई परभणीला थोरल्या भावाकडे होती. ये म्हणून तिनं तीनदा निरोप धाडला. पण दत्तूनं इराण्याच्या हॉटेलात माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, आपण दोघं इथंच. मी अर्जात हैद्राबाद लिहिलं. आईला काहीतरी थाप मारली. त्याच्यासाठी केलं मी हे – कळतंय ना तुम्हाला?

मग एके सकाळी वर्कशॉपच्या फळ्यावर यादी लागली. औरंगाबादला जाणाऱ्यांत दत्तूचं नाव, आणि पुढे शेरा – स्वतःच्या इच्छेनं. मी ती ओळ चारदा वाचली. लोक माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, मला आधीच ठाऊक असणार.

झांज माझ्याच कपाटात होती. दुपारच्या सुट्टीत मी ती काढली.

चीर थांबवायची एक रीत असते. ती जिथं संपते तिथं सुईएवढं भोक पाडायचं. मग ती पुढे सरकत नाही. दोन मिनिटांचं काम. ते मी केलं नाही. विसरलो नाही – ड्रिल हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मधलं भोक कानसीनं गोल केलं, रबरी नळीचा तुकडा बसवला, चिरेत कथील भरून घासलं आणि वर चामड्याची चकती लावली. काम देखणं झालं. आत चीर तशीच.

संध्याकाळी दत्तू आला. मी वाट बघत होतो, आता सांगेल, आता सांगेल. त्यानं झांजेवर बोट वाजवून कान लावला आणि हसला. "तू हात लावला की झालं बघ! आता फिकर कायकू?" जायचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी झांज परत मागितली असती का? मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो, हो. नसती मागितली.

पुढच्या गणपतीनंतर औरंगाबादहून त्याचं पत्र आलं. भर कार्यक्रमात झांज भोकापासून काठापर्यंत फाटली होती. त्यानं लिहिलं होतं, "बापाची एवढीच वस्तू होती, ती माझ्याच हातानं गेली. तू जीव ओतून नीट केली होतीस. न सांगता निघालो, तुझ्यासमोर तोंडच उघडेना. त्याचंच हे फळ असेल."

मी काय लिहावं? खरं लिहायला एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, "तुझा हात पहिल्यापासूनच जड. जुनी वस्तू जपून वाजवायची असते."

उलट टपाली त्याचं कार्ड आलं. "खरं आहे तुझं. ड्रम विकून टाकला. आता वाजवणार नाही."

ते कार्ड वाचून मला बरं वाटलं होतं.