तळ्याकाठी बसलेली

संगणकाच्या पडद्यावर एक मुलगी तळ्यात गळ टाकून बसली आहे. माझ्या लेकीने, सईने, शाळेत असताना ऑनलाइन खेळात घडवलेलं हे पात्र. आपण दुसऱ्या कामात असलो तरी ते मासे धरत राहतं आणि त्याचं कौशल्य आपोआप वाढतं. फक्त अधूनमधून एखादं बटण दाबावं लागतं, नाहीतर खेळ त्याला बाहेर काढतो.

"बाबा, मी क्लासला निघाले. येता-जाता एक बटण दाबशील? खेळायचं नाहीये काही."

मी हो म्हणायचो आणि विसरायचो. परत आल्यावर ती पडद्याकडे बघून म्हणायची, "काढलं वाटतं बाहेर. असू दे." पुढे तिने सांगणंच सोडलं.

तीही अशीच वाढली, मी दुसऱ्या कामात असताना. आता ती दूरच्या शहरात नोकरी करते. हा खेळ तिने केव्हाच सोडला, तो रोज सकाळी मीच सुरू करतो. चहाचा कप हातात घेऊन येता-जाता बटण दाबतो. तिचं मासे धरण्याचं कौशल्य कधीच पूर्ण झालंय, त्यात आता काहीच वाढत नाही. तरी तिला तिथून कुणी उठवू नये, एवढंच वाटतं.