खिडक्या बंद ठेवून

गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर प्लॅस्टिकच्या पाकिटात एक सूचना लावलेली आहे. तिच्यामागचं पत्र माझं आहे.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि कर्मचारी संघटनेचे कार्यकर्ते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाचायला शिकले ती संघटनेच्या पत्रकांवर. काही खटकलं की एकपानी पत्रक काढायचं, ही घरचीच सवय. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बाल्कनीत सुतार सँडर मशीनने लाकूड घासत होते. हवा आधीच विषारी, त्यात तो बारीक भुसा आमच्या ताटापर्यंत यायचा. ‘आमच्या श्वासावर तुमचा हक्क नाही’ असं ठणकावून मी कमिटीला पत्र दिलं. कमिटीने कधी नव्हे ती घाई केली. मशीनचं घासकाम फक्त खोलीत, खिडक्या बंद ठेवून. नियम मोडला तर कारागिराचा गेटपास रद्द. बाबांनी माझी पाठ थोपटली.

या हिवाळ्यात आम्ही कपाटं करायला घेतली. सुतार पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पहिल्याच दिवशी मी त्यांना सुरक्षिततेवर भाषण दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग दिसलं की ते सगळं आधीपासूनच पाळतात. मशीनचा पॉलिश पेपर बदलण्याआधी प्लग काढणार, चकती पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवणार नाहीत, वायर खांद्यावरून मागे, डोळ्यांवर चष्मा. नाकाला मात्र नुसता गमछा. मी फिल्टरचा मास्क आणून दिला, तो त्यांनी लावलाही.

दोन तासांनी चहा घेऊन गेले, तर धूळ घरात येऊ नये म्हणून त्यांनी दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. आत पिठासारखी धूळ तरंगत होती. मशीनची भुशाची पिशवी फुगून गच्च झाली होती. मास्क गळ्यावर ओढून, भिंतीला हात टेकून ते खोकत होते. मी खिडकी उघडली. त्यांनी ती लगेच लावली.

“पास चला जाएगा, दीदी. यहाँ मेरे तीन घर और चल रहे हैं.”

तो नियम माझ्या पत्रामुळे झाला, हे मी सांगून टाकलं. त्यांनी गमछ्याने चष्म्यावरची धूळ पुसली.

“अच्छा ही लिखा होगा. उसमें हम लोग थे कहीं?”

नव्हते.

मी दुसरं पत्र लिहिलं: खिडक्या उघड्या ठेवू द्या, धूळ ओढणारा व्हॅक्यूम मशीनला जोडणं सक्तीचं करा. सेक्रेटरी म्हणाले, पिछले साल तो आपको ही तकलीफ़ थी. आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. बाबा म्हणाले, पाठपुरावा कर. आईने भाजी निवडता निवडता विचारलं, “आणि तोवर त्या माणसाने काय करायचं?”

मी सुतारांना सांगितलं की नियम बदलेपर्यंत आमच्याकडे घासकाम बंद. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूने उभी राहतेय. त्यांना ते काढून टाकल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी वायर गुंडाळली, मास्क झटकून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गेले. नंतर फोन केला तर म्हणाले, दूसरी साइट पर हूँ, दीदी.

ती साइट समोरच्याच टॉवरमध्ये आहे. सातव्या मजल्यावर दिवसभर मशीन चालतं. मधेच ते थांबतं तेव्हा खोकला येतोय का म्हणून मी कान देते. खिडक्या बंद असतात, त्यामुळे काही ऐकू येत नाही.