आभाराच्या ओळीत

इथे तिरुपूरच्या कारखान्यात शिलाईचा लाल दोरा ओवायला घेतला, की अकोल्याचं ते संशोधनाचं कपाशीचं शेत डोळ्यापुढे येतं. सातवीत शाळा सुटल्यावर मी तिथे रोजानं जायचे, संशोधन करणाऱ्या एका ताईंच्या हाताखाली. संध्याकाळी उमलायच्या आतली कळी नखानं सोलायची, सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला खुणेचा लाल दोरा बांधायचा. काळ्या चिखलात ताई दोन हंगाम माझ्याबरोबर वाकल्या. त्यांची बोटं परागानं पिवळी असायची. त्यांच्या जोडीनं संशोधन करणारा दादा आत ऑफिसात संगणकावर आकडेमोड करायचा. एका दुपारी ताई छापलेला लेख घेऊन धुऱ्यावर, माझ्या शेजारी बांधावर येऊन बसल्या. “हे पाय, तुयं नाव आलं छापून.” इंग्रजी मला कुठलं येतं? मी विचारलं, “अन् तुमचं?” “तुयाच बाजूले हाये.” मला इतका आनंद झाला, की मी म्हटलं, “मंग पेढे आना ना, ताई.” ताईंनी आमच्या नावांच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे आभार हायेत. लेख दादाच्या एकट्याच्या नावानं निंगाला. आमचे गाइड सर म्हन्ते, कळ्या सोलनं मजुराचं काम हाये, संशोधन नाई.” पुढच्या हंगामाला ताई आल्याच नाहीत. जाताना ओळखीत सांगून माझी इथली नोकरी मात्र लावून गेल्या. आता त्यांचा फोन लागत नाही. ताईंनी दिलेलं ते पान माझ्या पेटीत आहे. माझं नाव छापलेलं तेवढं एकच. पण कुणाला दाखवायला काढलं, की मी मागितलेले ते पेढे आठवतात आणि मी पेटी लावून घेते.