सासऱ्यांच्या जाहीर प्रार्थना

देवाशी बोलता बोलता माणसाला टोमणा मारण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा अख्ख्या पुण्यात कुणी नव्हता. विश्रांतवाडीच्या आमच्या चर्चमध्ये पाळकांचा संदेश संपला की मंडळीपैकी कुणीही उभं राहून प्रार्थना करावी, अशी पद्धत आहे. ती केवळ आपल्यासाठीच सुरू झाली, असा सासऱ्यांचा समज होता. डोळे मिटून, हात जोडून ते अशी सुरुवात करीत की नवख्याला वाटावं, काय हा भाविक माणूस. "हे दयाळू पित्या, आज पाळकसाहेबांनी मोशेला तांबड्या समुद्राच्या काठावर आणून सोडलंय. पुढच्या रविवारी तरी त्याला पलीकडे न्यायचं सामर्थ्य त्यांना दे." यावर 'आमेन' न म्हणावं तर पाप आणि म्हणावं तर पाळकांशी वैर. तरुणांनी यावं म्हणून पाळकांनी हौसेनं प्रोजेक्टर आणला, तेव्हाही हे उभे राहिलेच. "प्रभू, भिंतीवरचं तुला वरून वाचता येत असेल. आम्हाला इथून येत नाही." बिचाऱ्यांना किती लागत असेल, असं मी एकदा घरी म्हटलं, तर म्हणाले, "मी त्यांना कुठं काय बोललो? मी देवाशी बोलत होतो."

पण पाळक खरोखरच खचत चालले होते. आयटीचे दिवस आले तशी आमची पोरं आधी हिंजवडीला आणि तिथून अमेरिकेला गेली. उरलेली आठवडाभराची झोप रविवारी सकाळी काढू लागली. चर्चमध्ये माणसांपेक्षा पंखे जास्त झाले. एका शनिवारी पाळक आमच्याकडे आले आणि उद्या राजीनामा वाचून दाखवणार असल्याचं त्यांनी सांगितलं. एका सॉफ्टवेअर कंपनीत पोरांना इंग्रजी बोलायला शिकवण्याची नोकरी मिळत होती. "काका, इथं मी कुणाच्या उपयोगी पडलोय असं मला वाटत नाही," ते म्हणाले. आता तरी सासरे दोन गोड शब्द बोलतील, अशी माझी आशा. त्यांनी विचारलं, "रविवारी सुट्टी असते का तिथं?" पाळक हो म्हणाले. "मग बरंय," म्हणून यांनी पेपर उघडला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संदेश संपला, पाळकांनी खिशातून कागद काढला आणि सासरे उठले. मी मान खाली घातली.

"हे पित्या," ते म्हणाले आणि थांबले. असे ते कधी थांबत नसत. "आमची ही गेली, त्या दिवशी या माणसाला सांत्वनाचा एक शब्द सुचला नाही. आला तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि माझ्यासाठी चहा करून आणला. साखर घालायला विसरला होता. मग दिवसभर शेजारी बसून राहिला. त्या दिवशी माझा तुझ्यावर विश्वास उरला नव्हता. याच्यामुळे तो परत आला. हे मी त्याला सांगायला हवं होतं. आमेन."

सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात ते त्यांचं नावही काढत नसत.

 पाळकांनी हातातला कागद न वाचताच घडी करून बायबलात ठेवला आणि पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. तो साफ चुकला. नाताळला चार महिने होते आणि पुस्तकात नाताळचं गीत निघालं. सगळ्यांनी दबकत सासऱ्यांकडे पाहिलं. ते डोळे पुसत गायला लागले होते.