मी ग्रुपवर टाकलेला फोटो

मी शिक्षक. जामखेडच्या बाजूला एका गावात बरीच वर्षं शिकवलं. ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी धड सांगितलेली नाही.

गाव हागणदारीमुक्त करायचं म्हणून सकाळी सकाळी पथकं निघायची, त्यांत आम्हा शिक्षकांनाही घेतलं होतं. उघड्यावर जाणारं कुणी सापडलं की त्याला गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा आणि तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. फूल देऊन लाजवायचं, अशी ती युक्ती. बाकीच्या गावांचे रोज दोन-चार फोटो पडत. माझा एकही नव्हता. 'गुरुजी झोपले का?' असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलंही.

त्याच सकाळी ओढ्याकडून एक मावशी येताना दिसल्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, घरी त्या आणि दोन नाती. नाती माझ्याच वर्गात. त्यांच्या संडासाच्या चार भिंती उभ्या होत्या, दार नव्हतं, भांडं बसायचं होतं. हे मला ठाऊक होतं.

मी मोबाईल काढला. त्या पळाल्या नाहीत. एका हातात टमरेल, दुसऱ्यात मी दिलेलं फूल. पदर सारखा करून त्या ताठ उभ्या राहिल्या, थोडं हसल्यासुद्धा.

"ह्यो फोटो गेला म्हंजी दार बसंल ना, गुरुजी?"

संडासाच्या अनुदानासाठी खड्ड्याचा फोटो झाला होता, भिंतींचा झाला होता. फोटो काढला की कागद पुढं सरकतो, एवढंच त्यांना माहीत. मी "बघू" म्हणालो आणि टाकला. लगेच टाळ्यांची चित्रं आली. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दुपारपर्यंत तो गावातल्या ग्रुपवर फिरत होता. खाली कुणीतरी जोडलेली ओळ मी इथं लिहीत नाही. चार दिवसांत तो कारखान्यावरच्या टोळीत पोचला आणि मुलाला लोक हसले. मावशी शाळेत आल्या.

"गुरुजी, तेवढा फोटो काढून घ्या. पोरगं लई भडकलंय."

"मावशी, तो आता..."

"तुमीच घातला न्हवं? मंग तुमीच काढा."

मी माझ्या मोबाईलमधला फोटो त्यांच्यादेखत पुसला.

"गेला?"

"गेला."

तो टाकण्यापेक्षा हा एक शब्द मला जास्त जड गेला आहे. मावशींनी मुलाला ठणकावून सांगितलं, गुरुजींनी काढून टाकलाय, तूच लबाड बोलतोस. तो तर रोज कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलवर बघत होता. त्यानं फोन करणंच सोडलं. महिन्याभरानं धाकटी नात वर्गात मला म्हणाली, "गुरुजी, आईचा फोन येत न्हाई."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो. मावशी ज्वारी पाखडत होत्या.

"मावशी, तो फोटो गेला नव्हता. माझ्याकडचा तेवढा गेला. बाकी सगळ्यांकडं आहे. मला तेव्हाच माहीत होतं."

सूप थांबलं. "म्हंजी पोरगं खरं बोलत हुतं."

"हो."

"आन मी त्याला लबाड म्हनले." सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "लावा त्याला फोन. आधी तुमी बोला."

मी सगळं सांगितलं. पलीकडं कोयत्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या आईचा टाकला असता का?"

"नाही."

"द्या आईला."

मावशी फोन घेऊन अंगणात गेल्या, नातीही मागं पळाल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

"चला आता. ज्याच्या ज्याच्या मोबाईलात हाय, त्याच्या दारात जाऊ."

"गावाबाहेरही गेलाय, मावशी. तो नाही निघायचा."

"गावातला तर निघंल."

त्या पुढं, मी मागं. प्रत्येक दारात कशाला आलो ते मीच सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "मावशी, माझ्यात न्हाई तो."

"नसंल तर दाव की. घाबरतो कशाला?"

त्यानं मुकाट मोबाईल उघडला, आणि होता. पुसताना त्याला मावशींकडं बघवेना. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मी मान खाली घातली नाही. अजून वीसेक घरं राहिली होती.